कातळसड्यावरची नवी वनस्पती: दिसण्यापासून नाव मिळेपर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पाऊस स्थिरावला की कोकणातले सडे आणि घाटमाथ्यावरची पठारं फुलायला लागतात, आणि तिथे भटकणाऱ्यांचे फोटोही येऊ लागतात. सोबत प्रश्न एकच असतो: "हे कुठल्याच पुस्तकात सापडत नाही, नवीन जात असेल का?" क्वचित उत्तर 'हो' निघतं, म्हणूनच प्रत्येक फोटो मन लावून पाहावा लागतो. त्या निमित्ताने पुन्हा पुन्हा समोर येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्रातली आहेत.

सडा म्हणजे नेमकं काय? उन्हाळ्यात तिथे गवताची काडीसुद्धा नसते.

जांभ्या दगडाचा उघडा, सपाट माळ म्हणजे सडा. हा शब्द कोकणातला. घाटावर त्याला पठार म्हणतात. कास, चाळकेवाडी, मसाई, पाचगणीचं टेबललँड ही उंचावरची पठारं. रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवणकडचे सडे समुद्रसपाटीच्या बरेच जवळ आहेत. उष्ण आणि पावसाळी हवेत मूळ खडक लाखो वर्षं झिजत राहिला, त्यातली सिलिका पाण्याबरोबर निघून गेली आणि लोह-ॲल्युमिनियमची संयुगं मागे उरली. तोच हा लाल, भोकाभोकांचा जांभा. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये केरळातल्या अशाच दगडाला 'लॅटराइट' हे नाव दिलं.

झाडाच्या बाजूने पाहिलं तर ही जागा फार कठोर आहे. माती कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. एप्रिल-मे महिन्यात कातळ तापतो, चपलेतूनही चटके बसतात. जूनमध्ये पाऊस आला की त्याच कातळावर पाणी साचतं, मुळं आठवडेच्या आठवडे पाण्यात राहतात, वर सोसाट्याचा वारा. मातीत नायट्रोजन कमी असल्यामुळे सीतेची आसवं आणि दवबिंदू यांसारख्या वनस्पती किडे पकडून ती तूट भरून काढतात. इतर कित्येक जाती आठ महिने कंदाच्या किंवा बियांच्या रूपात काढतात आणि चार महिन्यांत उगवणं, फुलणं, बी धरणं सगळं उरकतात. उन्हाळ्यात तुम्हाला जो ओसाड कातळ दिसतो, त्याच्या भेगांमध्ये हे सगळं दडलेलं असतं.

शिवाय सडा सगळीकडे सारखा नसतो. पावसाळी डबकं, त्याचा चिखलाळ काठ, पाणी नुसतं झिरपत राहतं असा उतार, वितभर माती धरलेला खळगा, कडेची दगडी भेग, या प्रत्येक ठिकाणची वनस्पती वेगळी. दोन पावलांवर यादी बदलते. गाडी रस्त्यावर लावून दूरवर पसरलेला रंग पाहणाऱ्याला यातलं फारसं दिसत नाही, कारण नव्या ठरलेल्या जातींपैकी बऱ्याच वितभरसुद्धा उंच नाहीत.

मग नव्या जाती अशाच जागी का सापडतात?

दोन कारणं आहेत. पहिलं, ही पठारं एकमेकांपासून तुटलेली आहेत. मध्ये खोल दऱ्या, घनदाट जंगल किंवा शेती. एका पठारावरची डबक्यात वाढणारी वनस्पती दुसऱ्या पठारावर सहजी पोचत नाही, त्यामुळे प्रत्येक पठार एखाद्या बेटासारखं वागतं आणि फार मोठ्या काळात तिथली झाडं शेजारच्यांपेक्षा वेगळी होत जातात.

दुसरं कारण आपल्याकडे पाहणारे कमी. वनस्पतिशास्त्रज्ञांची पावलं पूर्वीपासून जंगलाकडे वळली. भर पावसात, धुक्यात, जळवा आणि निसरडं सोसत उघड्या कातळावर गुडघे टेकून शोधणारे थोडेच. ज्यांनी ते केलं त्यांना फळ मिळालं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले डॉ. एस. आर. यादव आणि त्यांचे विद्यार्थी, पुण्याची आघारकर संशोधन संस्था, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पुण्यातलं पश्चिम विभागीय केंद्र यांच्या कामातून गेल्या काही दशकांत सड्यांवरच्या कितीतरी जातींना नावं मिळाली.

माझं आवडतं उदाहरण वायतुऱ्याचं. शास्त्रीय नाव अपोनोजेटन सातारेन्सिस. सातारा जिल्ह्यातल्या उंच पठारांवर उथळ पाण्यात आणि ओल्या मातीत तो वाढतो, पावसाबरोबर जमिनीतल्या कंदातून पानं काढतो आणि मग दोन फाट्यांचा जांभळट-गुलाबी तुरा वर येतो. सुंदरराघवन, कुलकर्णी आणि यादव यांनी १९८२ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. या वंशाच्या भारतातल्या जातींमध्ये नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं अशी रचना याच्यातच आढळली. म्हणजे एकच रोप हातात धरून याचं वर्णन पुरं होणार नाही, दोन्ही शोधावी लागतात. ज्या कासवर आज हंगामात गाड्यांची रांग लागते, तिथली ही वनस्पती १९८२ पर्यंत विज्ञानाच्या दप्तरात नव्हती.

आता कुठे नवीन झाडं शिल्लक असणार? इंग्रजांनी सगळी यादी करून ठेवली ना?

त्यांनी खूप केलं. डालझेल आणि गिब्सन यांची मुंबई इलाख्याची वनस्पतीसूची १८६१ ची आहे आणि अजूनही ती उघडावी लागते. पण यादी पुरी झाली नाही. २०२३ मध्ये विशाळगडावरून सेरोपेजिया शिवरायाना ही कंदीलपुष्पाची नवी जात प्रसिद्ध झाली. २०२४ मध्ये तळेगाव दाभाडेच्या गवताळ उतारांवरून डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा. तळेगाव पुण्यापासून किती दूर आहे ते सांगायला नकोच.

ही डिक्लिप्टेरा मुद्दाम वाचण्यासारखी आहे. ती वर्षातून दोनदा फुलते. एकदा पावसाळ्यानंतर, आणि पुन्हा उन्हाळ्यात माळाला वणवा लागून गेल्यावर, जळक्या जमिनीतून वर येऊन. दोन्ही वेळचं रोप एकसारखं दिसत नाही. नुसत्या एका हंगामात पाहणाऱ्याला तिची अर्धीच ओळख झाली असती. तिचं नवेपण जाहीर करण्याआधी संशोधकांनी काही वर्षं तिच्यावर लक्ष ठेवलं आणि लक्षणं टिकून राहतात ना हे पाहिलं.

आणखी एक गोष्ट ऐकून लोक चकित होतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात असं दिसलं की पहिला नमुना गोळा केल्यापासून पाच वर्षांच्या आत वर्णन झालेल्या जाती अवघ्या १६ टक्के होत्या, आणि जवळपास पाव हिस्सा जातींच्या बाबतीत पन्नास वर्षांहून जुने नमुने कामी आले होते. म्हणजे अनेक 'नव्या' वनस्पती कुणीतरी आधीच खुडून, वाळवून, कागदावर चिकटवून ठेवलेल्या असतात. कुणी त्यांच्याकडे पुन्हा नीट पाहिलेलं नसतं, एवढंच.

एखादी वनस्पती नवी आहे हे कळतं कसं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा विस्ताराने.

सड्यावर तुम्हाला काहीतरी वेगळं दिसतं. ती केवळ शंका. ती खरी ठरते टेबलावर, मायक्रोस्कोपखाली आणि जुन्या नमुन्यांच्या कपाटांसमोर. आधी कूळ आणि वंश ठरवायचा. मग त्या वंशाच्या सगळ्या ज्ञात जातींशी तुलना करायची: भारतातल्याच नव्हे, श्रीलंका, म्यानमार, आफ्रिकेतल्यासुद्धा, कारण कधी कधी 'नवी' वाटलेली वनस्पती दुसऱ्या खंडात शंभर वर्षांपूर्वी नाव मिळालेली असते. इथल्या सड्यांवरच्या कित्येक जुन्या जातींचे मूळ नमुने लंडनच्या क्यू उद्यानात आहेत, कारण एकोणिसाव्या शतकात ते तिकडेच पाठवले जात. पूर्वी ते पाहायला जाणं किंवा मागवणं हे मोठं संकट होतं. आता बऱ्याच नमुन्यांच्या उत्तम प्रतिमा इंटरनेटवर खुल्या आहेत, आणि त्यामुळे लहान गावातल्या महाविद्यालयात बसूनही हे काम करता येतं.

गेंदाचं उदाहरण घेऊ. सड्यावर पांढऱ्या टाचण्या टोचून ठेवल्यासारखी जी फुलं दिसतात ते गेंद, म्हणजे एरिओकॉलॉन. भारतात याच्या शंभराहून अधिक जाती आहेत आणि लांबून सगळ्या सारख्या दिसतात. ती पांढरी गुंडी म्हणजे एक फूल नव्हे, तिच्यात नर आणि मादी अशी असंख्य फुलं दाटीने बसलेली असतात. एकेक फूल सुईने सोडवून काढायचं. पाकळ्या तीन की दोन, परागकोश काळे की पांढरे, आतल्या पाकळीला ग्रंथी आहे का, केस कुठे आहेत, हे सगळं टिपायचं. शेवटी बी. ते डोळ्यांना धुळीच्या कणासारखं दिसतं, पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्याच्या पृष्ठभागावरची नक्षी जातीनुसार बदलते. आघारकर संस्थेच्या संशोधकांनी सिंधुदुर्गातल्या वैभववाडी भागातून एरिओकॉलॉन पार्विसेफालम आणि कर्नाटकातल्या कुमठ्याहून एरिओकॉलॉन करावलेन्स या दोन जाती वेगळ्या काढल्या त्या अशाच बारकाव्यांवर. २०२० मध्ये त्या बातम्यांत आल्या. वर्तमानपत्रात फोटो पाहून अनेकांना वाटलं, हे तर आमच्या सड्यावर रोज दिसतं. वाटणं स्वाभाविक आहे. गेंदाची ओळख फोटोत मावत नाही.

तुलना संपल्यावर एक तक्ता तयार होतो. डावीकडे लक्षणं, वर नव्या जातीचं आणि तिच्या सगळ्यात जवळच्या दोन-तीन जातींचं नाव. कुठलाही शोधनिबंध हाती आला की मी आधी हा तक्ता उघडते. तो पक्का असेल तर निबंध पक्का. त्यात 'पान थोडं लांब', 'फूल थोडं फिकट' असलेच फरक भरले असतील तर ती जात फार काळ टिकत नाही.

माझ्याकडे एकच रोप आहे, पण ते अगदी निराळं आहे. एवढं पुरेल?

पुरणार नाही. पांढरा तेरडा, बुटकी सोनकी, सहा पाकळ्यांऐवजी आठ पाकळ्यांचं फूल असं एखाददुसरं सापडतच असतं. सावलीत, खोल मातीत किंवा गुरांनी शेंडा खाल्ल्यावर तेच झाड वेगळं दिसतं. जातीजातींत संकरही होतात. वेगळेपण अनेक रोपांत, शक्य तर एकाहून जास्त ठिकाणी आणि पुढच्या पावसाळ्यातही तसंच दिसायला हवं.

फोटो एवढे स्पष्ट असताना झाड खुडायचं कशाला? दुर्मीळ आहे म्हणता आणि उपटताही!

हा राग मला समजतो आणि तो असायलाच हवा. पण वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार १९५८ पासून नव्या जातीच्या नावासाठी एक मूळ नमुना, म्हणजे टाइप, नेमून देणं बंधनकारक आहे, आणि २००७ पासून फुलझाडांच्या बाबतीत तो नमुना प्रत्यक्षच लागतो, चित्र चालत नाही. कारण साधं आहे. उद्या कुणाला शंका आली तर फोटोतल्या फुलाची बीजांडं मोजता येत नाहीत, त्याचे पराग काढता येत नाहीत. वाळलेल्या नमुन्यातून शंभर वर्षांनीही ते जमतं, बऱ्याचदा डीएनएसुद्धा मिळतो.

मात्र किती घ्यायचं हे ठिकाणावर मोजूनच ठरवायचं. रोपं मोजकी असतील तर कंद जमिनीत राहू द्यायचा आणि फक्त वरची फांदी फुलासकट घ्यायची. कंदाचं वर्णन तिथेच खणून, मापून, फोटो काढून पुन्हा मातीत बसवूनही करता येतं. मूठभरच रोपं दिसत असतील तर त्या वर्षी हात न लावता परतावं आणि आजूबाजूच्या पठारांवर शोध घ्यावा. माझ्या मते निबंध एक वर्ष उशिरा आला तर काहीच बिघडत नाही.

होलोटाइप, आयसोटाइप हे काय प्रकरण आहे?

ज्या एका नमुन्याला लेखकाने 'या नावाचा अर्थ हा' असं ठरवून दिलं तो होलोटाइप. त्याच वेळी त्याच ठिकाणी घेतलेली त्याची जोड म्हणजे आयसोटाइप, आणि वर्णनात उल्लेखलेले इतर नमुने ते पॅराटाइप. नमुना वर्तमानपत्राच्या कागदांत दाबून, कागद रोज बदलत वाळवतात, मग जाड पांढऱ्या कागदावर शिवतात किंवा चिकटवतात आणि खाली चिठ्ठी लावतात: कुठे, कधी, किती उंचीवर, कुणी, फुलाचा ताजा रंग काय. वाळल्यावर रंग जातो, म्हणून चिठ्ठी आळसाने लिहिली तर नमुना निम्मा वाया जातो.

हे नमुने स्वतःच्या घरी ठेवून चालत नाही. मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात, जमा करावे लागतात: पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि आघारकर संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाचं ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ, हावड्यात केंद्रीय राष्ट्रीय हर्बेरियम. आयसोटाइप दोन-तीन ठिकाणी वाटून ठेवावेत, म्हणजे एखाद्या इमारतीत कसर लागली, गळती झाली किंवा आग लागली तरी सगळं एका वेळी जात नाही.

डीएनए तपासला की काम झालं ना?

मदत होते, आणि काही वंशांत फार मोठी होते. पण संहितेला डीएनए लागत नाही. डीएनएचा क्रम ज्या जातींशी ताडून पाहायचा त्यांचेच क्रम उपलब्ध नसतील, आणि सड्यांवरच्या अनेक जातींचे नाहीतच, तर तुलना लंगडी पडते. आधी झाड ओळखणारा डोळा, मग यंत्र.

नाव कोण ठेवतं आणि मान्यता कोण देतं?

नाव वर्णन करणारे लेखक ठेवतात. मान्यता देणारी कुठलीही समिती किंवा सरकारी खातं नाही, आणि हे ऐकून अनेकांचा विश्वास बसत नाही. आवश्यक नियम पाळून, वर्णन किंवा फरक सांगून, टाइप आणि तो ठेवलेलं हर्बेरियम नमूद करून नाव योग्य रीतीने प्रसिद्ध झालं की ते वैध. तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी अशी चांगल्या नियतकालिकांची पद्धत आहे आणि ती हवीच, पण संहितेची ती अट नाही. त्यामुळे 'अमुक संस्थेने नव्या जातीला मंजुरी दिली' अशी बातमी वाचलीत तर ती चुकीच्या समजातून आलेली असते. प्रसिद्धीनंतर नाव आंतरराष्ट्रीय सूचीत नोंदलं जातं, इतर अभ्यासक ते वापरतात किंवा नाकारतात. खरी मान्यता अशी हळूहळू मिळते.

स्वतःचं नाव देता येतं का? गावाचं? महाराजांचं?

स्वतःचं नाव द्यायला मनाई नाही, पण कुणी देत नाही, ते शोभत नाही. गावाचं, डोंगराचं नाव देण्याची जुनी चाल आहे: सातारेन्सिस, कोंकणेन्सिस, अंजनेरीवरून सेरोपेजिया अंजनेरिका. व्यक्तीच्या सन्मानार्थ दिलेली नावं पुष्कळ. कोकणातल्या सड्यांवरचा अपोनोजेटन ब्रुगेनाय हा या वंशाचे डच अभ्यासक व्हॅन ब्रुगेन यांच्या नावाचा, आणि कासचा तेरडा इम्पेशन्स लॉआय हा ठाण्याकडे नोकरीला असलेल्या लॉ या इंग्रज अधिकाऱ्याच्या. विशाळगडच्या कंदीलपुष्पाला शिवरायांचं नाव मिळालं तेव्हा ज्यांनी कधी वनस्पतीशास्त्राचं पान उलटलं नव्हतं अशा लोकांनीही ती बातमी वाचली. एवढ्यासाठीसुद्धा नाव विचारपूर्वक ठेवावं.

वर्णन अजून लॅटिनमध्येच लिहावं लागतं का?

१९३५ ते २०११ अखेर लॅटिन वर्णन सक्तीचं होतं. १ जानेवारी २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी यांपैकी काहीही चालतं. नाव मात्र लॅटिन व्याकरणाप्रमाणेच बनवतात. मराठीत लिहिलेलं वर्णन नियमाला पुरत नाही, पण इंग्रजी निबंधासोबत गावासाठी दोन पानांची मराठी माहिती लिहावी असा माझा आग्रह असतो.

एकदा दिलेलं नाव पुढे बदलतं का?

बदलतं. शिंदळ माकुडी हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. कड्यांच्या भेगांत वाढणारी ही मांसल वनस्पती. डालझेलने ती फ्रेरिया इंडिका या नावाने जगापुढे आणली, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून. नंतरच्या अभ्यासकांनी तिला जवळच्या दुसऱ्या वंशात हलवलं आणि आता ती बौसेरोसिया फ्रेराय म्हणून लिहिली जाते. झाड तेच, शिवनेरी-पुरंदरचे कडे तेच. काही वेळा मात्र 'नवी' जात जुन्याच जातीचं रूप होतं असं सिद्ध होतं आणि तिचं नाव पर्यायी नावांच्या यादीत जातं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, तपासणी चालू असल्याची ती खूण आहे.

गावातल्या माणसांना ती वनस्पती आधीपासून माहीत असेल तर मग हा शोध कसला?

शास्त्राच्या नोंदीत ती पहिल्यांदा येते एवढाच त्याचा अर्थ. खरचुडीचे, म्हणजे कंदीलपुष्पांचे, कंद गुराखी पोरं पिढ्यान्‌पिढ्या खणून खात आली आहेत, फोडशीची भाजी पावसाळ्यात घरोघरी होते, आणि फोडशीच्याच वंशातली क्लोरोफायटम गोठणेन्स ही जात शास्त्रज्ञांना या शतकात कळली. सड्यावर वाट दाखवणारा, 'असलं फूल पलीकडच्या डबक्यात पण येतं' असं सांगणारा माणूस बहुतेक वेळा गावचाच असतो. त्याचं नाव त्याच्या परवानगीने निबंधात आभारांत तरी यावं, आणि त्याने खरोखर शोधलं असेल तर लेखकांत यावं. अभ्यासक नसलेल्या भटक्यांची, शिक्षकांची नावं लेखकांत आलेले निबंध आता दिसतात. हा चांगला बदल आहे. गावात चालत असलेलं मराठी नावही निबंधात नोंदवा. ते नसेल तर ओढूनताणून बनवू नका.

परवानग्या लागतात का?

लागतात. राखीव वनात आणि अभयारण्यात वनविभागाची लेखी परवानगी हवी. कोकणातले बरेच सडे खासगी किंवा सामाईक मालकीचे आहेत, तिथे मालकाला विचारून जावं. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवलं तर त्या जातीची नोंद लोक जैवविविधता नोंदवहीत होते. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नवी जात शोधणाऱ्याने नेमून दिलेल्या संस्थेला कळवून नमुना जमा करायचा असतो. परदेशी संस्थेला नमुना पाठवायचा विचार असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी पाहा. पाकिटात घालून पोस्टाने पाठवणं हा कायद्याचा भंग ठरू शकतो.

किती वेळ लागतो?

फूल एका पावसाळ्यात मिळतं, पिकलेलं बी बहुधा पुढच्या पावसाळ्यात, कारण फळ धरायच्या वेळी धुकं तरी असतं नाहीतर गुरं तरी चरून गेलेली असतात. त्यावर तुलना, चित्रं, निबंध, परीक्षकांचे शेरे. दोन-तीन वर्षं हा घाईचा हिशोब. टोपली कारवीसारखी सात वर्षांनी फुलणारी वनस्पती असेल तर काय होईल ते तुम्हीच पाहा.

दुर्मीळ, चिंताजनक हे शिक्के कसे मारतात?

निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या निकषांवर. वनस्पतीची पूर्ण वाढलेली रोपं ५० पेक्षा कमी असतील तर ती अतिचिंताजनक गटात जाऊ शकते. किंवा तिने प्रत्यक्ष व्यापलेलं क्षेत्र १० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल आणि सोबत ती घटते आहे, तुटक ठिकाणी आहे असं दाखवता आलं तरही. नुसतं 'एकाच ठिकाणी सापडली' हे दुर्मीळ म्हणायला पुरेसं नाही. बऱ्याचदा ती एकाच ठिकाणी शोधलेली असते. शेजारचे सडे पालथे घातल्याशिवाय शिक्का मारू नये, आणि माहिती अपुरी असेल तर 'अपुरी माहिती' असंच लिहावं.

तुम्ही नेमकं ठिकाण का सांगत नाही?

कारण कंदीलपुष्पांचे कंद, ऑर्किड आणि कातळावरच्या मांसल वनस्पती विकत घेणारे लोक आहेत, आणि नुसते फोटोसाठी येणारे पायसुद्धा बोटभर मातीला जड होतात. एका चिंचोळ्या भेगेतली सगळी वस्ती एका रविवारी तुडवली जाऊ शकते. निबंधात तालुका किंवा डोंगर लिहितात, अचूक स्थान हर्बेरियमकडे आणि वनविभागाकडे असतं. तुम्हीही समाजमाध्यमांवर फोटो टाकताना ठिकाणाची खूण काढून टाका. निसर्गनोंदींच्या इनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींचं ठिकाण आपोआप धूसर होतं, पण नुकत्याच सापडलेल्या वनस्पतीचं होईल असं नाही, तिथे ते स्वतः लपवावं लागतं.

सड्यांना खरा धोका कशाचा आहे?

सातबाऱ्यावर सडा 'पोटखराबा' असतो. म्हणजे पीक न देणारी, कामाची नसलेली जमीन. या एका नोंदीमुळे त्याच्यावर काहीही करायला मोकळीक असल्यासारखं वागलं जातं. चिरेखाणी, सुरुंग लावून आणि बाहेरची माती टाकून केलेल्या आंब्याच्या बागा, बॉक्साइटच्या खाणी, पवनचक्क्यांचे रस्ते, रिसॉर्ट, प्लॉट. जंगल तोडलं तर ओरड होते, कारण झाड पडताना दिसतं. सड्यावर मे महिन्यात जेसीबी फिरला तर तिथे काही होतं हे कुणाला कळतही नाही. माती टाकली की गेंद गेला, सीतेची आसवं गेली, डबकं बुजलं. पुन्हा तसाच कातळ बनवता येत नाही.

कोकणातल्या याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत आणि ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आल्यापासून काही गावांत सड्याकडे पाहण्याची नजर बदलते आहे. कास तर २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आलंच. पण एक कास वाचवून भागत नाही, कारण आधी सांगितलं तसं प्रत्येक पठाराची यादी निराळी असते. पर्यावरणाचा अहवाल तयार करणाऱ्यांनी सड्याची पाहणी पावसाळ्यातच करावी अशी अट घातली तरी खूप फरक पडेल. फेब्रुवारीत पाहणी करून 'वनस्पती आढळल्या नाहीत' असं लिहिणं खोटं नसतं, आणि म्हणूनच ते जास्त घातक असतं.

मला सड्यावर काहीतरी वेगळं दिसलं आहे. आता काय करू?

उपटू नका. आधी उभं राहून जागेचा फोटो घ्या: डबकं आहे की भेग, आजूबाजूला काय उगवलं आहे. मग पूर्ण रोप, पानाची दोन्ही अंगं, फूल समोरून आणि बाजूने, फळ असेल तर फळ. शेजारी पट्टी किंवा एखादं नाणं ठेवा. मापाशिवाय गेंदाच्या फोटोचा काही उपयोग होत नाही. उंची आणि स्थान फोनमध्ये नोंदवा, पण कुणाला पाठवू नका. पानांना वास आहे का, चीक निघतो का, फूल सकाळी उमलतं की संध्याकाळी, किती रोपं दिसली, तेही वहीत लिहा. या गोष्टी फोटोत येत नाहीत आणि घरी पोचेपर्यंत विसरतात.

मग जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतीशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा, किंवा वर उल्लेखलेल्या संस्थांपैकी एखादीला ईमेल करा. ज्या अभ्यासकाचं त्या वंशावर काम आहे त्यालाच लिहिलंत तर सगळ्यात चांगलं: कंदीलपुष्पासाठी एक, गेंदासाठी दुसरा. महिनाभर उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहा, जुलै ते ऑक्टोबर ही मंडळी स्वतःच सड्यांवर असतात. उत्तर 'ही तर नेहमीची जात' असं आलं तरी कुठली जात ते विचारून घ्या आणि वहीत त्या फोटोपुढे लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा जा, आणि या वेळी पिकलेलं बी मिळतं का पाहा.